‘डिव्हाइस बिझी आहे’: वाट पाहण्याचा इतिहास

हा भाग ऐकण्याऐवजी वाचायला आलात त्यांच्यासाठी नेहमीचीच सूचना. हे रेकॉर्डिंगचं शब्दांकन आहे. बोलताना अडखळलो तेवढं काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा वाटेल. डिस्क किंवा पेन ड्राइव्ह कामात असेल, ‘बिझी’ असेल, तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीमने नेमकं करायचं काय? पण मला हा प्रश्न पुस्तकातून नाही कळला. कळला तो घरच्या ओट्यावर, आणि माझ्याच चुकीने. म्हणून सुरुवात तिथून करतो.

आमचं गाव मेहकर तालुक्यातलं, हिवरा आश्रमाच्या जवळचं. शुकदास महाराजांनी उभा केलेला तिथला विवेकानंद आश्रम विदर्भ-मराठवाड्यात बहुतेकांना माहीत आहे. विवेकानंद जयंतीच्या उत्सवाला तिथे महापंगत बसते. मोकळ्या रानात माणसांच्या लांबच लांब ओळी, आणि दोन ओळींच्या मधल्या वाटेने पुरी-भाजी घेऊन जाणारे ट्रॅक्टर. ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून पटत नाही.

त्या वर्षी आजी हट्टाने पंगतीला आली होती. गावातल्या फोटोवाल्या मित्राने तिचे जेवतानाचे फोटो काढले. संध्याकाळी तो कार्ड घेऊन घरी आला. त्याला कार्ड लगेच परत हवं होतं, दुसऱ्या दिवशी लग्नाची ऑर्डर होती. मी माझ्या लॅपटॉपवर, त्यावर लिनक्स होतं, फोटो कार्डावरून कट करून पेन ड्राइव्हवर पेस्ट केले. कॉपी नाही, कट. पट्टी शंभर टक्क्यांवर गेली. मित्र कार्ड घेऊन निघून गेला. धाकट्या चुलतभावाने पेन ड्राइव्ह काढायला ‘इजेक्ट’ दाबलं, तर मेसेज आला की डिव्हाइस बिझी आहे.

तो म्हणाला, “दादा, हे तर बिझी म्हणते. थांबू का?”

मी आतून ओरडलो, “काढ ना रे, झालं कॉपी. काई होत नाई.”

त्याने ओढला. आणि मंडळी, मी तेव्हा पुण्यात नोकरी काय करत होतो? स्टोरेजचे ड्रायव्हर लिहायची.

शेवटी काय झालं ते शेवटीच सांगतो. आधी त्या ‘बिझी’ शब्दाचा इतिहास बघू.

डिस्क हळू का असते?

१९५६ साली आयबीएमने रॅमॅक नावाचं यंत्र आणलं. त्यात ३५० नावाचं डिस्क युनिट होतं. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या आणि एकूण ५० लाख अक्षरं मावतील एवढी जागा. हवी ती माहिती मिळायला सरासरी ६०० मिलिसेकंद लागत, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त. माणसाला ही चुटकी वाटते. पण कॉम्प्युटरचा हिशोब करणारा भाग तेवढ्या वेळात अनेक सूचना पार पाडू शकत होता. डिस्कला खरोखर हलावं लागतं. हात सरकवावा लागतो, तबकडी फिरून योग्य जागा खाली येईपर्यंत थांबावं लागतं. प्रोसेसरला यातलं काहीच करावं लागत नाही. एक बैलगाडी आणि एक विमान एकत्र बांधल्यासारखा हा संसार आहे, आणि तो आजतागायत चालू आहे.

मग प्रोसेसरने काय करायचं? सगळ्यात सोपा उपाय म्हणजे विचारत राहायचं. “झालं का? नाही. झालं का? नाही.” याला पोलिंग म्हणतात, आणि दुसरं काहीही न करता असं विचारत बसलं की त्याला बिझी-वेटिंग म्हणतात. गंमत बघा, बिझी असते डिस्क, पण वाट पाहणाराही बिझी होऊन बसतो आणि काम मात्र काहीच करत नाही. एकच प्रोग्रॅम चालत असेल तर हे चालून जातं. दुसऱ्या कुणाचं काम रांगेत असेल तर हा सरळ अन्याय आहे.

खांद्यावर थाप

दुसरा उपाय म्हणजे इंटरप्ट. प्रोसेसरने काम सांगून दुसरीकडे वळायचं. डिस्कचं झालं की ती खांद्यावर थाप मारेल. १९५० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या काही यंत्रांत ही सोय आली. युरोपात इलेक्ट्रोलॉजिका एक्स-१ या डच यंत्रात ती घातली तेव्हा त्यासाठी सॉफ्टवेअर लिहिण्याचं काम एड्सगर डाइक्स्ट्रा यांच्याकडे आलं. त्यांनी पुढे लिहून ठेवलंय की या कल्पनेची त्यांना भीती वाटली होती. कारण थाप कधी पडेल ते सांगता येत नाही. आज एका ओळीवर पडेल, उद्या दुसऱ्या. मग एखादी चूक झाली तर ती तशीच पुन्हा घडवून दाखवता येणार नाही. आणि जी चूक पुन्हा घडवता येत नाही, ती शोधायची कशी?

ज्यांनी ड्रायव्हर लिहिलेत त्यांना ही भीती चांगली ठाऊक आहे. आठवड्यातून एकदा, पहाटे तीनला, एकाच मशीनवर येणारा बग. तो बहुतेक वेळा याच जातीचा असतो.

या भीतीतूनच १९६० च्या दशकात डाइक्स्ट्रांची सेमाफोरची कल्पना आली. सेमाफोर म्हणजे रेल्वेचा हात दाखवणारा सिग्नल. जागा मोकळी नसेल तर काम इथे झोपेल, मोकळी झाली की कुणीतरी त्याला उठवेल. झोपलेलं काम प्रोसेसरचा वेळ खात नाही. बिझी डिस्कपुढे कसं वागायचं, याचा पाया इथे पडला.

पाटलांचं कोडं

आता या गोष्टीत एक ओळखीचं आडनाव येतं. सुहास पाटील. जन्म १९४४, जमशेदपूर. आयआयटी खरगपूरहून एमआयटीला गेले आणि तिथे प्रोजेक्ट मॅकमध्ये संशोधन केलं. १९७१ साली त्यांनी डाइक्स्ट्रांच्या सेमाफोरला आव्हान देणारं एक टिपण लिहिलं. त्यातलं कोडं आजही जगभरच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या पुस्तकांत ‘सिगारेट ओढणाऱ्यांचं कोडं’ म्हणून शिकवलं जातं.

कोडं असं आहे. टेबलाभोवती तिघं बसलेत. एकाकडे तंबाखू भरपूर, दुसऱ्याकडे कागद, तिसऱ्याकडे आगपेटी. सिगारेटला तिन्ही लागतात. एक वाटणारा दर वेळी यातल्या कुठल्याही दोन वस्तू टेबलावर ठेवतो. ज्याच्याकडे तिसरी आहे त्यानेच त्या उचलायच्या. आता समजा वाटणाऱ्याने कागद आणि आगपेटी ठेवली. म्हणजे पाळी तंबाखूवाल्याची. पण आगपेटीवाल्याला कागद दिसला आणि त्याने झडप घातली. आता तो तंबाखूची वाट बघतोय, जी येणार नाही. तंबाखूवाला कागदाची वाट बघतोय, जो दुसऱ्याच्या हातात आहे. सगळे थांबले. कायमचे.

पाटलांचं म्हणणं होतं की वाटणाऱ्याला हात न लावता आणि प्रोग्रॅममध्ये ‘जर-तर’ न वापरता, नुसत्या डाइक्स्ट्रांच्या क्रियांनी हे सुटत नाही. १९७५ साली डेव्हिड पार्नास यांनी उत्तर छापलं: सुटतं. ही मर्यादा सेमाफोरची नाही, पाटलांनी घातलेल्या अटींची आहे. वाद तांत्रिक होता, पण कोड्याने दाखवलेली अडचण खोटी नव्हती. एक वस्तू हातात धरून दुसरीची वाट बघणं हे धोक्याचं आहे. डिस्कच्या ड्रायव्हरमध्ये हे रोज घडू शकतं. कंट्रोलर मोकळा हवा, डिस्क मोकळी हवी आणि माहिती ठेवायला मेमरी हवी. कुणी एक धरून बसला आणि दुसऱ्याला थांबला की खेळ खल्लास.

पाटील या गोष्टीत पुन्हा येणार आहेत, लक्षात ठेवा.

रांग लावणारे

१९७५ ची युनिक्सची सहावी आवृत्ती. ऑस्ट्रेलियातले प्राध्यापक जॉन लायन्स यांनी तिच्या कोडवर विद्यार्थ्यांसाठी टीका लिहिली. लायसन्सच्या बंधनांमुळे ते पुस्तक वर्षानुवर्षं झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून फिरत राहिलं. त्या कोडमध्ये आरके-०५ या डिस्कचा छोटासा ड्रायव्हर आहे. साधारण अडीच मेगाबाइटची डिस्क, मिनिटाला १५०० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला ४० मिलिसेकंद.

ड्रायव्हरची कल्पना अगदी साधी आहे. काम आलं की ते रांगेच्या शेवटी लावायचं. मग एक खूण बघायची, डिस्क चालू आहे का? नसेल तर पहिलं काम तिच्याकडे द्यायचं. चालू असेल तर काहीच करायचं नाही, परत जायचं. ज्या प्रोग्रॅमला उत्तर हवंय तो झोपेल. डिस्कचं काम झालं की इंटरप्ट येतो. मग ते काम रांगेतून काढायचं, झोपलेल्याला उठवायचं आणि पुढचं काम डिस्ककडे द्यायचं. बस.

रांगेला हात लावताना मात्र इंटरप्ट काही क्षण अडवून धरतात. कारण रांगेच्या शेवटी नवं काम जोडत असताना, नेमकं त्याच क्षणी डिस्कचं काम संपलं तर? नवं काम रांगेत पडून राहील आणि त्याला डिस्ककडे पाठवणारं कुणीच नसेल. डाइक्स्ट्रांना वाटलेली भीती ती हीच.

याच ड्रायव्हरमध्ये चूक आली तर तेच काम दहा वेळा पुन्हा करून बघतात, आणि मगच वरच्याला सांगतात की जमलं नाही. पण एक ओळ बघून मला दर वेळी गंमत वाटते. चूक आल्यावर कंट्रोलर रिसेट करतात आणि तो ‘तयार’ म्हणेपर्यंत एका रिकाम्या लूपमध्ये थांबतात. किती वेळ? मर्यादाच नाही. इतक्या नीटनेटक्या कोडमध्येही हा एक कोपरा कायमचं थांबायला तयार आहे.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीत रांगेची नुसती रांग राहिली नाही. आलेली कामं डिस्कवरच्या जागेप्रमाणे क्रमाने लावणारा कोड आला. डिस्कचा हात एका दिशेने सरकतो आणि वाटेत येतील ती कामं करत जातो. हे वाचलं तेव्हा मला आमची महापंगत आठवली. ट्रॅक्टर हाक मारणाऱ्याकडे पळत नाही. तो ओळीच्या एका टोकाने निघतो आणि प्रत्येकाला वाढत पुढे जातो. हाक मारेल त्याच्याकडे वळला असता तर ट्रॅक्टर दिवसभर नुसता फिरला असता आणि निम्मी माणसं उपाशी राहिली असती. ओळीच्या टोकाला बसलेल्याला उशीर होतो, पण आपल्यापर्यंत ट्रॅक्टर येणार हे त्याला ठाऊक असतं.

एक बिट, बिझीचा

आता पाटलांकडे परत. एमआयटीनंतर ते युटा विद्यापीठात शिकवत होते. चिप आखण्याची एक पद्धत त्यांनी विकसित केली आणि १९८१ साली सॉल्ट लेक सिटीत पाटील सिस्टीम्स नावाची कंपनी काढली. १९८४ साली ती कॅलिफोर्नियाला गेली आणि तिचं नाव झालं सिरस लॉजिक. कंपनीने सुरुवातीला बाजारात काय आणलं? हार्ड डिस्क कंट्रोलरच्या चिप्स. म्हणजे वाट पाहण्याचं कोडं घालणारा माणूस पुढे डिस्क सांभाळणाऱ्या चिप्स विकू लागला.

काळही तसाच होता. तोवर पीसीमध्ये कंट्रोलर वेगळ्या कार्डावर असायचा. ८० च्या दशकाच्या मध्यापासून तो डिस्कवरच बसू लागला. आयडीई म्हणतो आपण ते. १९९४ साली त्याचं एटीए नावाने अधिकृत प्रमाण झालं. आता डिस्कच्या अंगावर स्वतःचं डोकं आलं, आणि ड्रायव्हर त्या डोक्याशी बोलू लागला.

त्या बोलण्यात आठ बिटांचं एक स्टेटस रजिस्टर आहे. त्यातला सगळ्यात वरचा बिट म्हणजे बिझी. नियम असा की हा बिट लागलेला असेल तर बाकीच्या सात बिटांवर विश्वासच ठेवायचा नाही. डिस्क जणू सांगते, “मी कामात आहे, आत्ता माझ्या चेहऱ्यावरून काही ओळखू नका.” आणखी एक बारकावा. कमांड दिल्यावर डिस्कला हा बिट लावायलाही थोडा वेळ लागतो. म्हणून ड्रायव्हरने ४०० नॅनोसेकंद थांबून मगच बघायचं. घाई केली तर डिस्क मोकळी दिसते आणि ड्रायव्हर पुढची चूक करतो. एका केबलवर दोन डिस्क असल्या की आणखी पंचाईत. एक बिझी असली की दुसरीलाही थांबावं लागायचं.

माझ्या पहिल्या नोकरीत मी असाच लूप लिहिला होता. बिझी बिट जाईपर्यंत थांब. चाचणीत पास झाला. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्याने चालू मशीनमधून डिस्कची केबल काढली. अख्खं मशीन गोठलं. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, “ती बिझी नाहीये, ती गेलीये. तुझ्या कोडला फरक कळत नाही.”

हा फरक कळण्यासाठी घड्याळ लागतं. लिनक्समध्ये डिस्कला दिलेल्या साध्या कमांडला सहसा ३० सेकंदांची मुदत असते. तेवढ्यात उत्तर नाही आलं तर आधी कमांड रद्द करायची, मग डिस्क रिसेट करायची, पुन्हा प्रयत्न करायचा, आणि तरीही नाही जमलं तर प्रोग्रॅमला स्पष्ट सांगायचं की चूक झाली. स्कझी डिस्क तर दोन वेगळी उत्तरं देतात. एक, मी बिझी आहे. दुसरं, माझी रांग भरली आहे. दुसरं उत्तर आलं की ड्रायव्हरने पाठवायचा वेग कमी करायचा असतो. या सगळ्या कोडला कुणी टाळ्या वाजवत नाही. बरेच दिवस तो चालतही नाही. पण ज्या दिवशी चालतो, त्या दिवशी कुणाचं तरी काहीतरी वाचतं.

पुन्हा पोलिंग

इतिहास सरळ रेषेत जात नाही, याचा हा एक नमुना. २०११ साली एनव्हीएमईचं प्रमाण आलं. या डिस्कमध्ये फिरणारं काहीच नाही. एका रांगेच्या जागी ६५ हजारांपर्यंत रांगा चालतात. २०१४ पासून लिनक्सनेही आपली रांगांची रचना त्याप्रमाणे बदलली. आता काही डिस्क इतक्या लवकर उत्तर देतात की झोपणं, थाप पडणं, उठणं यातच जास्त वेळ जातो. म्हणून काही ठिकाणी ड्रायव्हर पुन्हा विचारत बसायला लागले. झालं का? झालं का? साठ वर्षांनी आपण पोलिंगकडे परत आलो, यात मागे जाणं काही नाही. किती वेळ थांबावं लागेल ते माहीत असेल, तर कसं थांबायचं ते ठरवता येतं.

आणि तो पेन ड्राइव्ह

आता ओट्यावर परत. पट्टी शंभरवर गेली तेव्हा फोटो पेन ड्राइव्हवर पोचलेच नव्हते. ते माझ्या लॅपटॉपच्या मेमरीत होते. ऑपरेटिंग सिस्टीम हळू डिव्हाइससाठी असं करते. माहिती आपल्याकडे घेते, प्रोग्रॅमला “झालं” सांगते आणि मागून सावकाश लिहीत बसते. एरवी हे चांगलंच आहे, त्यामुळे कुणाला खोळंबावं लागत नाही. पण कट-पेस्ट करणाऱ्या प्रोग्रॅमने त्या “झालं” वर विश्वास ठेवून कार्डावरचे मूळ फोटो पुसून टाकले होते. त्या संध्याकाळी खरं सांगणारा एकच मेसेज होता, “डिव्हाइस बिझी आहे.” आणि तोच मी खोटा ठरवला.

रात्री लक्षात आलं. मित्राला फोन केला, पण सकाळपर्यंत भेट झाली नाही, आणि तोवर त्याच कार्डावर लग्नाचे फोटो निघाले होते. पुसलेले फोटो परत आणायचे तर त्यांच्या जागेवर दुसरं काही लिहिलेलं नसावं लागतं. इथे लिहिलं गेलं होतं. पेन ड्राइव्हवर आजीचा एकच फोटो सापडला, तोही अर्धा. वरचा भाग आला आणि खाली करडा पट्टा. तिचा चेहरा आहे, पदर आहे. हात आणि पुढ्यातली पत्रावळ नाही. पुढच्या उत्सवाला आजी नव्हती. पंगतीतला तिचा तेवढाच फोटो आमच्याकडे आहे.

चुलतभावाने मला कधी त्यावरून बोललं नाही. पण तो आता मेहकरला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. परवा गेलो तर एक मुलगा घाईत होता, म्हणत होता, “काढा ना काका, झालं की.” हा म्हणाला, “बिझी म्हणते ना ते? मंग थांब जरासा.” माझ्याकडे बघितलंही नाही त्याने. मीही काही बोललो नाही. दोघं मिळून मेसेज जाईपर्यंत थांबलो.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. कार्डावरून फोटो काढताना कट नाही, कॉपी करा. पेन ड्राइव्ह काढण्याआधी इजेक्ट करा. तो बिझी म्हणाला तर विश्वास ठेवा. आणि तुमच्यापैकी जे ड्रायव्हर लिहितात त्यांनी आज एकदा आपला कोड उघडून बघा, मर्यादा नसलेला लूप कुठे राहिलाय का ते. भेटू पुढच्या भागात.